हाड जुळेपर्यंत डोक्याचा घोर कसा कमी करावा

दुचाकीवरून पडून नडगीचं हाड मोडलं, रॉड बसला, टाके निघाले, की घरचे म्हणतात, ‘सुटलात एकदाचे.’ पण झोप उडालेली असते, कर्जाचे हप्ते डोक्यात फिरत असतात आणि पाय टेकायची धास्ती वाटते. याला मनाचे खेळ म्हणून सोडून देऊ नका, कारण हा ताण जखमेपर्यंत पोचतो. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची सेवा करणाऱ्या स्त्रियांच्या हातावर ३.५ मिलिमीटरची जखम करून पाहिली. १९९५ साली निष्कर्ष छापून आले: तो भार नसलेल्या स्त्रियांपेक्षा त्यांची जखम भरायला सरासरी ९ दिवस जास्त लागले. ताणामुळे कॉर्टिसॉल हे शरीरातलं संप्रेरक (हार्मोन) वाढतं आणि जखम भरायची सुरुवात ज्या दाहाने होते, तो दाहच दबतो. मधुमेह असेल तर ताणाने साखरही चढते, तेव्हा ती नेमाने तपासा.

सुरुवात झोपेपासून करा. दुखणं सोसण्यात काही मर्दुमकी नाही. लिहून दिलेली गोळी वेळेवर घ्या, म्हणजे रात्री डोळा लागेल. दिवसा लांबलचक झोपू नका, सकाळी उजेडात बसा.

मग भीतीकडे वळा. बरेच पेशंट इथेच अडकतात. पाय हलवला की कळ येते, काहीतरी निसटलं असं वाटतं, म्हणून पाय हलवणंच बंद होतं. स्नायू झिजतात, गुडघा-घोटा आखडतो आणि पुढच्या वेळी कळ आणखी जोरात येते. हाड जुळूनही महिनोन्‌महिने लंगडणं राहतं, त्यामागे पुष्कळदा हे चक्र असतं. ते तोडायला डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून घ्या: पायावर किती वजन टाकू? कोणतं दुखणं चालेल आणि कोणतं झालं की थांबू? पुढचा टप्पा कधी? त्यांनी दिलेल्या मर्यादेत उद्याचा व्यायाम आजच ठरवा, समजा, वॉकरवर पाच मिनिटं. उद्या बरं वाटलं म्हणून वीस मिनिटं चालू नका, थोडं ठणकलं म्हणून सगळं सोडूही नका. सुरू करण्याआधी दोन-तीन मिनिटं सावकाश श्वास सोडत बसा. आवळून धरलेला पाय सैल पडतो.

विम्याचे कागद, पोलिसांकडच्या फेऱ्या, रजेचे अर्ज घरातल्या एकाच माणसाकडे सोपवा. त्यावर बोलायला दिवसातली एक वेळ ठरवा, पण रात्रीची नको.

भेटायला येणाऱ्यांचंही काहीतरी करावंच लागतं. प्रत्येकाला अपघात पहिल्यापासून ऐकायचा असतो आणि जाताना आपल्या साडूचा पाय कसा कायमचा अधू झाला तेही सांगायचं असतं. ती कहाणी सांगायचं काम घरच्यांवर सोपवा. आणलेलं पायाचं सूप प्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका. अंडी, डाळ, उसळ रोज हवी. घरी बसून तंबाखू, मिश्री किंवा सिगारेट वाढते, ती मात्र बंद करा. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड जुळणं लांबतं.

महिना उलटूनही अपघाताची स्वप्नं पडत असतील, हॉर्नने दचकायला होत असेल, रस्त्यावर जाणं टाळलं जात असेल किंवा कशातच मन लागत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करून घ्यावंसं वाटलं तर महिन्याची वाट पाहू नका, लगेच घरच्यांना सांगा आणि मदत घ्या.

मात्र सगळंच ताणाच्या माथी मारू नका. पोटरी अचानक सुजून दुखू लागली, जखमेतून पू आला किंवा ताप चढला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर थेट हॉस्पिटल गाठा. रक्ताची गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते.