आधी मशीन ओळखा, मग इमेज टाका

जूनमध्ये रत्नागिरीतल्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये विन्डोज नव्याने टाकायचं होतं. बाहेर पावसाची झोड, लाईट सारखी ये-जा करत होती. पहिल्या दिवशी सगळ्या मशीनवर एकच इमेज (विन्डोजची जशीच्या तशी उतरवायची तयार प्रत) टाकली. डेस्कटॉप व्यवस्थित चालू झाले, लॅपटॉपचं मात्र वाय-फाय आणि टचपॅड दोन्ही बंद.

मग असं केलं: विन्डोज पीई (इन्स्टॉलेशनसाठीचं छोटं, तात्पुरतं विन्डोज) चालू झाल्यावर, डिस्कला हात लावण्याआधी, पॉवरशेलची (विन्डोजला आज्ञा द्यायच्या भाषेची) छोटी स्क्रिप्ट डब्ल्यूएमआयला, म्हणजे मशीनची माहिती देणाऱ्या विन्डोजच्या सेवेला, मॉडेल विचारते आणि त्याच नावाच्या फोल्डरमधले ड्रायव्हर (वाय-फाय, टचपॅडसारखे भाग चालवणारे प्रोग्राम) उचलते. (पीईच्या इमेजमध्ये डब्ल्यूएमआय आणि पॉवरशेलचे घटक वेगळे घालावे लागतात, ते विसरू नका.)

खरा घोळ असेंबल्ड मशीनचा. मॉडेल विचारलं की पडद्यावर 'टू बी फिल्ड बाय ओईएम'! म्हणजे मशीन बनवणाऱ्या कंपनीने (ओईएम) भरायची ती जागा कोणी भरलीच नव्हती. तिथे मदरबोर्डचं नाव वाचलं, डब्ल्यूएमआयच्या विन३२_बेसबोर्ड या नोंदीतलं 'प्रॉडक्ट'.

लॅपटॉप की डेस्कटॉप, हे चॅसिस टाइपच्या (मशीनच्या बाहेरच्या सांगाड्याच्या प्रकाराच्या) आकड्यावरून कळतं: ३ डेस्कटॉप, ९ लॅपटॉप, १० नोटबुक, ३१ कन्व्हर्टिबल. डॉकवर (लॅपटॉप जोडून ठेवायच्या स्टँडवर) बसवलेला एक लॅपटॉप १२, म्हणजे डॉकिंग स्टेशन, सांगत होता, म्हणून १२ सुद्धा लॅपटॉपमध्येच धरला.

ओळख पटली नाही तर स्क्रिप्ट तिथेच थांबते, डिस्क पुसत नाही. मला हीच ओळ सगळ्यात मोलाची वाटते. सरांच्या मशीनचं मॉडेल यादीत नव्हतं, आणि मुलांच्या प्रात्यक्षिकांच्या नोंदी त्याच डिस्कवर होत्या. स्क्रिप्ट थांबली म्हणून त्या नोंदी शाबूत राहिल्या.