पाण्याचा दिवस लांब आणि केस आजच तेलकट? न धुता ताजे करण्याची रीत

सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर असतो आणि नळाला पाणी रोज येत नाही. साठवलेलं पाणी जपून वापरायचं म्हटलं की लांब केसांचं न्हाणं पुढे ढकललं जातं. तोवर केस नीट दिसतील असं पाहता येतं. फक्त क्रम चुकवायचा नाही.

आधी चिकटपणा कशाचा ते बघा. भांगावर पातळ टिश्यू दाबा आणि पाच मिनिटं पंख्याखाली ठेवा. डाग सुकून गेला तर घाम, पारदर्शक राहिला तर तेल. नुसता घाम असेल तर केस मोकळे सोडून वाळवले की बहुतेक काम होतं.

तेल असेल तर कोरडी पावडर लागते, पण तीही घाम सुकल्यानंतरच. गाडीवरून उतरून स्कार्फ सोडल्या सोडल्या पावडर टाकली की मुळाशी चक्क खळ तयार होते. म्हणून दहा मिनिटं थांबा, जुन्या सुती टॉवेलने मुळं टिपून घ्या. घासू नका, आणि नवा टॉवेल नको. त्याचे धागे केसांत अडकतात.

खांद्यापर्यंतच्या केसांना चहाचे दोन चमचे कॉर्नफ्लोअर किंवा आरारूट पुरतं. केस काळेभोर असतील तर एक चमचा कॉर्नफ्लोअरमध्ये अर्धा चमचा बिनसाखरेची कोको पावडर मिसळा. दुधात घालायची चॉकलेट पावडर चालणार नाही, तिच्यातली साखर घामाने चिकटते. तांदळाचं पीठ आणि बेसन डब्यातच राहू द्या. भरड असतं, विंचरून निघता निघत नाही.

१. दोन-दोन बोटांच्या अंतरावर भांग पाडत जा. मेकअपच्या जाड ब्रशने किंवा बोटांच्या टोकांनी फक्त मुळापासून इंचभर पावडर लावा. मूठभर एकदम डोक्यावर टाकली तर एका जागी ढीग होतो आणि बाकीचं डोकं तेलकटच राहतं.

२. दहा मिनिटं हात लावू नका. तेल शोषायला वेळ लागतो. घाई केली तर पावडर झडून जाते आणि तेल जिथल्या तिथे.

३. बोटांच्या टोकांनी मिनिटभर चोळा, मान खाली घालून बारीक दातांच्या फणीने विंचरा. कानामागे आणि मानेवर पांढरं राहतं, ते खिडकीच्या उजेडात बघा.

कपाळाजवळचेच केस ओशट असतील तर पावडरीपेक्षा सोपा मार्ग आहे. बाकीचे केस मागे घट्ट बांधा, बेसिनवर वाका, हरभऱ्याएवढा शाम्पू आणि तांब्याभर पाण्यात तेवढीच बट धुवा. लगेच वाळते आणि सगळं डोकं धुतल्यासारखं दिसतं.

फणीकडे मात्र कोणी बघत नाही. दातांच्या मुळाशी साचलेला करडा थर म्हणजे जुनं तेल, धूळ आणि मृत त्वचा. विंचरताना तोच पुन्हा केसांना लागतो. प्लॅस्टिकची फणी कोमट पाण्यात थोडा शाम्पू घालून पंधरा मिनिटं बुडवा, जुन्या टूथब्रशने घासा. लाकडी फणी भिजवू नका, नुसती पुसून घ्या. उशीचा अभ्राही बदला.

न्हाऊनही केस त्याच संध्याकाळी चिकट लागत असतील तर बोअरचं पाणी आणि साबण अशी जोडी आहे का, ते पाहा. क्षारांच्या पाण्यात साबणाचा न विरघळणारा थर केसांवर बसतो. तो तेलासारखा वाटतो, पण पावडरीने हलत नाही. शाम्पू वापरला की हा थर बसत नाही.

चंपी करून खोबरेल मुरवलं असेल तर पावडरीच्या नादी लागू नका, सरळ घट्ट वेणी घाला. लागोपाठ दोन दिवसांहून जास्त पावडर नको. खाज सुटली किंवा पिवळसर कोंडा दिसला तर केस धुवाच. धुऊनही तसंच राहिलं तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

आणि लग्नाला निघायला पाचच मिनिटं असतील तर भांग दुसऱ्या बाजूला पाडा, मागे अंबाडा बांधा, वर गजरा. गजऱ्यावर पाणी शिंपडायचं ते माळण्याआधी. पावडर लावलेल्या केसांवर शिंपडलं तर पुन्हा खळच.