स्क्रीनवाली बटणं घ्यावीत का? घेतली तर कशी लावावीत?

मराठी निवडली की कीबोर्डवर क, ख, ग उमटावं आणि एक्सेल उघडलं की त्याच बटणांवर एक्सेलच्या कमांड दिसाव्यात, ही कल्पना कुणालाही आवडेल. मॉस्कोच्या आर्ट लेबेदेव स्टुडिओने ती २००५ मध्ये मांडली आणि २००८ मध्ये 'ऑप्टिमस मॅक्सिमस' या नावाने विक्रीलाही आणली. ११३ बटणं, प्रत्येकावर ४८ बाय ४८ पिक्सेलचा ओएलईडी पडदा, किंमत दीड हजार डॉलरच्या वर. तरी तो रुळला नाही. किंमत आड आलीच, पण माझ्या मते खरी अडचण वेगळी आहे: टायपिंगचा हात बसला की बटणांकडे कुणी बघत नाही. इनस्क्रिप्ट (मराठीची प्रमाण कीबोर्ड मांडणी) येणाऱ्याची बोटं 'के'वर क आणि शिफ्टसह ख न बघता काढतात.

म्हणून अक्षरांना स्क्रीन नको. जे आठवत नाही, त्याला हवा.

१. आधी यादी करा. आठवडाभर कागद जवळ ठेवा. कुठला शॉर्टकट शोधावा लागला, कुठल्या मेनूत तीन-चार क्लिक खर्ची पडल्या, कुठलं वाक्य पुन्हा पुन्हा टाइप केलं, ते लिहा.

२. फुकटात भागतं का बघा. यादीत चार-पाचच कामं असतील तर विंडोजच्या 'पॉवरटॉइज' या मोफत प्रोग्राममधून ती वरच्या ओळीतल्या एफ-बटणांना (एफ१, एफ२...) जोडा आणि वर स्टिकर चिकटवा. खरेदीची गरजच नाही.

३. घ्यायचंच तर छोटं पॅड घ्या. एल्गाटो कंपनीचं 'स्ट्रीम डेक' हे स्क्रीनवाल्या बटणांचं पॅड २०१७ मध्ये १५ बटणांचं आलं. ६ आणि ३२ बटणांचीही मिळतात. नेहमीचा कीबोर्ड तसाच राहतो, हे पॅड शेजारी बसतं. मात्र त्याला संगणकावर सॉफ्टवेअर लागतं. ऑफिसात ते टाकायची परवानगी आहे का, हे पैसे मोजण्याआधी विचारा. नसेल, तर 'व्हाया' या बटणांची कामं ठरवायच्या मोफत साधनावर चालणारा छोटा कीपॅड बघा. त्यावर स्क्रीन नसतो, पण मांडणी पॅडमध्येच साठते.

४. बटणं जोडा. इथे घाई करू नका. स्ट्रीम डेकच्या सॉफ्टवेअरमध्ये 'टेक्स्ट' हा पर्याय बटणावर ओढून आणा आणि मजकूर लिहा: पत्राचा ठरलेला मायना, जीएसटी क्रमांक, किंवा ॲ आणि ऽ सारखी चिन्हं, जी कुठे आहेत ते ऐनवेळी हमखास आठवत नाही. शॉर्टकटसाठी 'हॉटकी' वापरा. स्वतःचा नवा शॉर्टकट बनवायचा असेल तर एफ१३ ते एफ२४ निवडा. साध्या कीबोर्डवर ही बटणं नसतात, त्यामुळे दुसऱ्या कशाशी टक्कर होत नाही. मग प्रत्येक प्रोग्रामसाठी वेगळं प्रोफाइल (बटणांचा संच) करून ते त्या प्रोग्रामशी जोडा. एक्सेल समोर आलं की एक्सेलची बटणं आपोआप दिसतील. स्क्रीनचे पैसे वसूल होतात ते इथे.

पण एक पथ्य पाळा: 'सेव्ह', 'भाषा बदल' अशी सगळीकडे लागणारी बटणं प्रत्येक प्रोफाइलमध्ये त्याच जागी ठेवा. जागा हलली की दरवेळी बघावं लागतं. ॲपलने २०१६ मध्ये मॅकबुक प्रोवर एफ-बटणांच्या जागी आणलेल्या टच बार या स्पर्शपट्टीबद्दल हीच तक्रार होती: मजकूर बदलता, बोटाला खूण काहीच नाही. २०२३ मध्ये तो बंद झाला.

५. चित्रं साधी ठेवा. गडद पार्श्वभूमी, एक-दोन शब्द, ठळक फाँट. 'डिलीट'सारख्या कामांना लाल रंग द्या आणि ती कोपऱ्यात ठेवा.

६. महिन्याने छाटणी करा. ज्या बटणाला हात लागला नाही ते काढा, मग प्रोफाइल एक्सपोर्ट करून फाइल पेन ड्राइव्हवर किंवा गूगल ड्राइव्हवर ठेवा. संगणक बदलला तर ती इम्पोर्ट करता येते.