विमानभागांचे स्टोअर आणि डिस्पॅच : या चुका टाळा

विमान बनवणाऱ्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये नव्याने आलेला माणूस कोणता माल कोणत्या रॅकवर आहे हे लवकर शिकतो आणि काम आले असे समजतो. पण तो भाग कोणत्या पुरवठादाराकडून, कोणत्या लॉटमधून (एकत्र बनलेल्या मालाच्या गटातून) आणि कोणत्या प्रमाणपत्रासह आला व शेवटी कोणत्या जोडणीत बसला, ही साखळी सांभाळणे हे स्टोअरचे निम्म्याहून अधिक काम आहे. मला वारंवार दिसणाऱ्या बहुतेक चुका ही साखळी तोडणाऱ्या आहेत.

जुन्या लॉटवर नवा लॉट ओतणे

ही चूक मला सर्वांत जास्त खुपते, कारण ती करायला काही क्षण लागतात आणि निस्तरायला महिने. एका कारखान्यात उच्च ताकदीच्या पोलादी बोल्टच्या बिनमध्ये, म्हणजे सुटे भाग ठेवायच्या डब्यात, थोडा माल शिल्लक होता. त्याच पार्ट नंबरचा नवा माल आल्यावर जागा वाचवण्यासाठी कोणीतरी तो त्याच बिनमध्ये ओतला. काही आठवड्यांनी पुरवठादाराचे पत्र आले की नव्या लॉटमध्ये कॅडमियम प्लेटिंगनंतरचे (धातूचा मुलामा दिल्यानंतरचे) बेकिंग, म्हणजे भट्टीत तापवणे, झालेले नाही. प्लेटिंगच्या वेळी पोलादात शिरलेला हायड्रोजन या बेकिंगने बाहेर काढला जातो. तो आत राहिला, तर घट्ट केलेला बोल्ट नेहमीपेक्षा कमी भारालाही काही काळाने अचानक तुटू शकतो. चांगला आणि सदोष बोल्ट डोळ्यांना सारखेच दिसतात. त्यामुळे अख्खा बिन बाद करावा लागला. इश्यू स्लिपांवर सवयीने जुनाच लॉट नंबर लिहिला जात होता, म्हणून मधल्या काळात ज्या ज्या जोडण्यांना त्या बिनमधून बोल्ट गेले होते, त्या सगळ्या पुन्हा उघडाव्या लागल्या.

माझी पद्धत जुनी आणि संथ आहे. एका बिनमध्ये एकच लॉट ठेवावा. नवा लॉट आला, तर तो स्वतःच्या टॅगसह बंद पिशवीत मागे राहतो आणि पुढचा पूर्ण संपून बिन झटकून झाल्याशिवाय ती पिशवी उघडत नाही. लॉट नंबर समोरच्या टॅगवरून पाहून स्लिपवर आधी लिहावा आणि मगच बिनमध्ये हात घालावा. शॉप फ्लोअरवरून सुटे परत आलेले, टॅग नसलेले बोल्ट कितीही नवे दिसले तरी रॅकवर घेऊ नयेत. ‘कालच तर नेले होते’ हा पुरावा नव्हे.

कागद मागून येतील म्हणून माल देणे

उत्पादन थांबले आहे असे सांगत कोणी काउंटरवर उभे राहिले, की नवशिका दबतो आणि तपासणीचा शिक्का नसलेला माल क्वारंटाइनमधून, म्हणजे तपासणी होईपर्यंत कुलूपबंद ठेवायच्या जागेतून, काढून देतो. १९८९ मध्ये पार्टनेअर या विमान कंपनीचे कॉन्वेअर ५८० विमान डेन्मार्कच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळून ५५ जण मरण पावले. शेपटीच्या उभ्या पंखाच्या जोडणीत बनावट, कमी ताकदीचे भाग होते, असे तपासात निघाले. प्रमाणपत्रावरील पार्ट नंबर, लॉट आणि नग प्रत्यक्ष मालाशी जुळेपर्यंत क्वारंटाइनचे कुलूप उघडू नये, मग समोर साहेब उभे असोत.

रबरी ओ-रिंग, सीलंट आणि चिकटद्रव्ये आवक तारखेनुसार देऊ नयेत, मुदत आधी संपणारी आधी द्यावीत. उणे १८ अंशांना ठेवलेले प्रीप्रेग (राळ आधीच भिनवलेले तंतूंचे कापड) फ्रीझरबाहेर जितके तास राहते, तितके तास नोंदवहीत चढलेच पाहिजेत. इलेक्ट्रॉनिक भागांची स्थितिविद्युतरोधक पिशवी मोजणीसाठी फाडू नये. दहा खोक्यांसाठी एकाच खोक्याचे लेबल दहा वेळा स्कॅन करण्याची युक्ती ज्याने शिकवली असेल, त्याचे पुढे काही ऐकू नये.

‘रिकामे आहे’ यावर विसंबणे

डिस्पॅचमध्ये माझे सर्वाधिक लक्ष घोषणापत्रावर, म्हणजे पाठवणीत नेमके काय आहे हे लिहून देणाऱ्या कागदावर, असते. ११ मे १९९६ रोजी व्हॅल्यूजेटचे ५९२ क्रमांकाचे उड्डाण फ्लोरिडाच्या दलदलीत कोसळले आणि विमानातील सर्व ११० जण मरण पावले. मालकक्षात मुदत संपलेले, पण सुरू झाले की प्रचंड तापणारे रासायनिक ऑक्सिजन जनरेटर होते आणि त्यांच्यामुळे आग लागली. त्यांच्यावर सुरक्षा टोप्या बसवलेल्या नव्हत्या आणि कागदावर ते ‘रिकामे’ म्हणून नोंदले होते. मुदत संपणे आणि रिकामे होणे यांतला फरक त्या पाठवणीत कोणी विचारला नाही. म्हणून ‘रिकामे’, ‘निकामी’ किंवा ‘साधा सुटा भाग’ असे सांगितले गेले, की मी सांगणाऱ्याला खोक्यापाशी नेऊन वस्तू उघडून दाखवायला लावतो आणि तिचे सुरक्षा माहितीपत्रक हातात आल्याशिवाय पॅकिंग सुरू करू देत नाही. यात वेळ जातो आणि तो जाऊ द्यावा.

सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या, म्हणजे धोकादायक मालाच्या यादीतला क्रमांक यूएन ३४८०, १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानात माल म्हणून पाठवता येत नाहीत, आणि मालवाहू विमानातही त्यांचा चार्ज ३० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. उपकरणात बसवलेल्या किंवा उपकरणासोबत पॅक केलेल्या बॅटऱ्यांचा क्रमांक यूएन ३४८१ असून त्यांचे नियम निराळे आहेत. मागच्या पाठवणीचा कागद समोर ठेवून नवा भरणारे हमखास इथेच चुकतात. धोकादायक मालाच्या हवाई वाहतुकीच्या नियमपुस्तिकेची आवृत्ती दर वर्षी १ जानेवारीपासून बदलते, त्यामुळे जुने पुस्तक टेबलावर राहूच देऊ नये.

परदेशी जाणाऱ्या लाकडी पेटीवर उष्णताप्रक्रियेचा शिक्का हवा. लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश तापमान सलग ३० मिनिटे दिल्याची ती खूण असते. तुटलेल्या पेटीला पडेल ती फळी ठोकली, तर तो शिक्का निरर्थक होतो. खोके पुन्हा वापरायचे असेल, तर आधीची धोकादर्शक लेबले, पत्ते आणि बारकोड पूर्ण खरवडून काढावेत. त्यांवर नुसती चिकटपट्टी लावू नये, कारण ती वाटेत सुटते आणि पुढच्या गोदामातला माणूस जुन्याच लेबलाप्रमाणे माल बाजूला काढून ठेवतो.