पापड झालेला तळ

मालवणजवळच्या देवबागच्या संगमावर लाट आडवी आली की माझ्या २२ फुटी फायबर बोटीचा तळ पायाखाली आत-बाहेर व्हायचा. ‘फायबर थोडं लवचिक असतंच’ म्हणून वर्षभर दुर्लक्ष केलं. शेवटी जेलकोटवर (फायबरवरच्या गुळगुळीत बाहेरच्या थरावर) आडव्या बारीक भेगा दिसल्या, तेव्हा बोट वाळूवर ओढली. काकांनी हातोडीच्या दांड्याने ठोकून बघितलं नि म्हणाले, “ह्यो तळ न्हय, पापड आसा.”

चांगल्या जागी टणक आवाज, मधोमध भद्द. आतली फळी कापली तर उभ्या आधारपट्टीचं प्लायवुड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं. कारण? खुर्ची बसवताना मीच मारलेले चार स्क्रू, भोकांत सीलंट न भरता. पाणी तिथूनच मुरलं.

खरी चूक मात्र दुरुस्तीत होणार होती. बोट दोन टायरांवर टेकलेली, तळ मध्ये लोंबलेला. तसंच फायबर चढवलं असतं तर वाकडेपणा कायमचा. म्हणून आधी खाली जागोजागी लाकडी ठोकळे देऊन तळ सरळ केला.

मग सडकं काढलं, आठ दिवस वाळवलं, जुनं फायबर ग्राइंडरने खरवडलं (मास्क लावा, खाज दोन दिवस जात नाही). नवी मरीन प्लायची पट्टी, कोपऱ्यांत गोलाई, वर इपॉक्सी रेझिनमध्ये भिजवलेलं विणलेलं फायबरचं कापड, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा रुंद. साधी, तुटक तंतूंची मॅट घेतली नाही. तिचे तंतू धरून ठेवणारा बाइंडर पॉलिस्टर रेझिनमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीत नाही.

हे सगळं मे महिन्यातच उरकलं. पावसाळी हवेत चिकटपणाचा भरवसा नाही, आणि १ जूनपासून मासेमारीबंदीच.