विसरलेला इंग्रजी शब्द कसा पाळावा

एका वेळी एकच घ्या. सीताबर्डीवर मी ३१ वर्षं इंग्रजी टायपिंगचा क्लास चालवला. रोज दहा शब्द पाठ करू म्हणणारी पोरं आठव्या दिवशी गायब होत. आणि शब्द असा निवडा, की त्यातली गोष्ट आपल्या घरात आधीपासून आहे.

माझा पहिला 'अप्रिसिटी'. हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब. हेन्री कॉकरमनं तो १६२३ सालच्या आपल्या कोशात घातला. लॅटिनमध्ये 'अप्रिकस' म्हणजे उन्हातला. पुढं तो कोणी फारसा वापरलाच नाही. डिसेंबरात सकाळी गच्चीवर उन्हाकडे पाठ करून संत्रं सोलत बसा आणि तेव्हाच तो तोंडात घोळवा, जोर 'प्रि'वर. वहीतून पाठ केलेला शब्द विसरतो, पाठीला लागलेला विसरत नाही.

शोधायचा कुठं? जुना जाडा कोश रद्दीच्या भावात मिळतो, तो घ्या. ज्या शब्दापुढं 'ऑब्स.' किंवा 'आर्क.' अशी खूण असेल, तिथं थांबा. पहिली खूण मेलेल्याची, दुसरी म्हाताऱ्याची.

मग कार्ड करा. मी हजेरीची जुनी कार्डं वापरतो. पुढं शब्द, मागं आपलं मराठी वाक्य. इंग्रजी अर्थ लिहायचा नाही. 'ओव्हरमॉरो'च्या मागं मी लिहिलंय, 'परवा ये, रिबन आणून ठेवतो.' येणाऱ्या परवाला इंग्रजीत हा शब्द होता, गेलेल्या परवाला 'एरयेस्टरडे' वेगळा. आपला एकच परवा दोन्हीकडे राबतो, तरी टिकला. त्यांचे दोन्ही गेले, आणि आता बिचारे 'डे आफ्टर टुमॉरो' म्हणत बसतात.

अर्जात मात्र हे वापरू नका, राजेहो. मी एका कार्यालयाला 'ओव्हरमॉरो येतो' असं टाइप करून पाठवलं. तिथल्या बाबूला वाटलं, 'टुमॉरो' चुकलं. तो आदल्या दिवशी वाट बघत बसला आणि मी गेलो त्या दिवशी रजेवर.

शब्द खरा आहे का, तेही बघा. १९३४ च्या वेबस्टर कोशात 'डोर्ड' छापला होता, अर्थ घनता. मुळात ती 'डी ऑर डी' अशी चिठ्ठी होती, घनतेसाठी मोठा किंवा छोटा डी. जोडून वाचली गेली आणि शब्द जन्मला. १९३९ पर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही. टायपिंगवाल्याला विचारा, एका स्पेसची किंमत काय असते!

कधी शोधता शोधता आपलंच माणूस भेटतं. १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन या हिंदुस्थानातल्या इंग्रजीच्या कोशात पटकीला, म्हणजे कॉलऱ्याला, 'मोर्ट-द-शिएँ' म्हटलंय. फ्रेंचमध्ये अर्थ होतो कुत्र्याची मौत. पण कुत्र्याचा संबंध नाही. आपली 'मोडशी' पोर्तुगीजांनी ऐकली, त्यांच्याकडून ती फ्रेंचांच्या कानात अशी शिरली. माझी आजी अपचन झालं की म्हणायची, 'मोडशी झाली पोराले, ओवा दे.' त्या कार्डाच्या मागं मी तेच लिहिलंय.

आठवडाभरात शब्द एकदाही आपणहून तोंडात आला नाही, तर कार्ड फिरवून त्यावर किराण्याची यादी करा.