फुकटच्या सुपरहिरो गेमची गोडी कुठे आहे आणि सहा जणांनी ती कशी चाखावी

'मार्व्हल रायव्हल्स' हा सहा विरुद्ध सहा असा मार्व्हलच्या सुपरहिरोंच्या मारामारीचा ऑनलाइन गेम ६ डिसेंबर २०२४ ला आला, तेव्हा त्यात ३३ हिरो होते आणि पहिल्या दिवसापासून सगळे फुकट. बरेच जण पहिल्या संध्याकाळी स्पायडर-मॅन निवडतात, सारखे मरतात आणि गेम काढून टाकतात. खरी मजा एकट्या हिरोत नाहीच, ती सहा जणांच्या शक्ती एकमेकांना कशा पूरक ठरतात यात आहे. तिथवर पोचायला थोडी तयारी लागते.

आधी मशीन. हा गेम फोनवर चालत नाही. पीसी, प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स सिरीज लागतो. पीसीत किमान १६ जीबी रॅम, ६ जीबीचं जीटीएक्स १०६० किंवा त्याच्या तोडीचं ग्राफिक्स कार्ड आणि ७० जीबी मोकळी जागा हवी. रॅम ८ जीबीच असेल तर ऐन मारामारीत चित्र अडकतं, कारण भिंती-पूल फुटताना एकदम खूप काही लोड होतं. गेम एसएसडीवरच टाका. पहिल्यांदा उघडल्यावर शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार व्हायला वेळ लागतो. गेम हँग झाला असं समजून बंद करू नका, पूर्ण होऊ द्या. ड्रायव्हर अपडेट केल्यावर हे पुन्हा होतं. ग्राफिक्स सेटिंग लो ठेवा आणि डीएलएसएस किंवा एफएसआर (चित्र लहान काढून मोठं करणारी सोय, म्हणजे कार्डावरचा ताण कमी) 'परफॉर्मन्स'वर ठेवा. फ्रेम जनरेशन, म्हणजे मधली चित्रं कार्डाने स्वतः बनवून घालणं, मात्र बंदच बरं. सेकंदाला किती फ्रेम याचा आकडा मोठा दिसतो, पण माउसची हालचाल पडद्यावर उशिरा उमटते.

नेटचं गणित सोपं आहे. ४० एमबीपीएसच्या कनेक्शनवर ७० जीबी उतरायला सुमारे चार तास, १०० वर दीड तास. खेळायला मात्र स्पीड नाही, पिंग, म्हणजे संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायचा वेळ, महत्त्वाचा. मुंबई ते सिंगापूर अंतर जवळपास ३,९०० किलोमीटर आहे, त्यामुळे सर्व्हर तिकडचा पडला तर फायबरमधून नुसतं जाऊन यायलाच ४० मिलिसेकंद लागणार. प्रत्यक्षात त्याहून जास्तच. महागडा प्लॅन घेऊन हे कमी होत नाही. घरातल्या घरात जे वाया जातं ते मात्र वाचवता येतं. पंचवटीतल्या किंवा जुन्या नाशकातल्या जाड भिंतींच्या घरात ५ गिगाहर्ट्झचा वाय-फाय दुसऱ्या खोलीत पोचेपर्यंत मरतो. राउटरपासून लॅन केबल ओढा, १५ मीटर केबलने काहीही बिघडत नाही. आणि पावसाळ्यात लाइट जाते-येते तेव्हा पीसी यूपीएसवर टिकला तरी राउटर बंद पडतो आणि तुम्ही मॅचमधून बाहेर. राउटरला वेगळा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. घेताना अडॅप्टरवरचा व्होल्टेज आणि अँपिअर तपासा.

आता टीम. भूमिका तीन: व्हॅनगार्ड मार अंगावर घेतो, ड्युएलिस्ट मारतो, स्ट्रॅटेजिस्ट बरं करतो. कोणी काय व्हावं यावर गेमचं बंधन नाही आणि इथेच बहुतेक टीम हरतात. पाच जण ड्युएलिस्ट घेतात, सहावा बिचारा एकटा हिलर, म्हणजे स्ट्रॅटेजिस्ट. सिडकोतले दोन, कॉलेज रोडचे तीन, नाशिकरोडचा एक असा ग्रुप जमला असेल तर मॅच सुरू होण्याआधीच दोन-दोन-दोन ठरवून टाका. प्रत्येकाने एका भूमिकेतले दोन हिरो शिकावेत, कारण एकाच हिरोवर अवलंबून राहिलात आणि दुसऱ्याने तो आधी घेतला तर पंचाईत होते.

सुरुवातीला हे घ्या. मारणाऱ्यांत पनिशर, कारण बंदूक सरळ आहे. किंवा नेम कच्चा असेल तर स्कार्लेट विच, तिचा मारा आपोआप लक्ष्याला लागतो. हिलरमध्ये रॉकेट रॅकून. त्याचे बरं करणारे गोळे भिंतीवर आपटून उड्या मारत जातात, त्यामुळे नेम फार लागत नाही, शिवाय त्याचा बीकन (जमिनीवर ठेवायचं यंत्र) एका मेलेल्या साथीदाराला परत उठवतो. हा बीकन उघड्यावर ठेवला की शत्रू तो फोडतो. कोपऱ्याआड, पण लढाईजवळ ठेवा. टँक, म्हणजे व्हॅनगार्ड, म्हणून डॉक्टर स्ट्रेंज किंवा मॅग्नेटो. ग्रूट आवडतो सगळ्यांना, पण नवखा ग्रूट लाकडी भिंत उभी करतो ती नेमकी आपल्या हिलर आणि पुढच्या गड्याच्या मध्ये. हिलरला दिसलं नाही की तो बरं करू शकत नाही. भिंत शत्रूचा रस्ता तोडायला वापरा, आपली नजर तोडायला नाही. स्पायडर-मॅनचा हट्ट महिनाभर तरी बाजूला ठेवा.

मॅचमध्ये पीसीवर एफ१ दाबलं की हिरोच्या सगळ्या शक्ती वाचता येतात. पहिल्या काही मॅच एआयविरुद्ध खेळून त्या हाताखालून घाला.

आता गंमत जिथे आहे तिथे या. गाडी ढकलण्याच्या मॅचमधले, म्हणजे एक टीम गाडी पुढे नेते आणि दुसरी ती अडवते त्यातले, वीस सेकंद बघा. गाडी पुलाखाली अडली आहे, समोर ल्युना स्नो ही हिलर आहे आणि तिचं अल्टिमेट (हळूहळू भरत जाणारी सगळ्यात मोठी शक्ती, तिच्या बाबतीत नाच) तयार असणार. तुमचे तिघे मेले, तिघे उरलेत. नवखी टीम काय करते? उरलेले एकेक करून घुसतात, मरतात, आणि मग सगळेच वेगवेगळ्या वेळी जिवंत होऊन पुन्हा एकेक करून येतात. इथे मागे सरकायचं. सहा जण जमेपर्यंत थांबायचं. मग स्ट्रेंज बाजूने पोर्टल उघडतो, सगळे त्यातून शत्रूच्या पाठीमागे निघतात. ल्युना नाचायला लागली की तिची टीम इतकी भराभर बरी होते की थोडं थोडं मारून काही उपयोग नाही, एका फटक्यात संपवणारं काहीतरी लागतं. मॅग्नेटो उल्का सोडतो आणि नाच थांबतो. ढोल पथकात एकाची टिपरी चुकली की सगळा ठेका जातो, तसंच इथे मॅग्नेटोने तीच उल्का पाच सेकंद आधी टाकली असती तर ती वाया गेली असती. हा हिशेब जमला की स्कोअरबोर्डवर तुमचे किती बळी आहेत याला काडीची किंमत उरत नाही.

यासाठी बोलणं लागतं, आणि तेही मोजकं. "अरे तिकडे बघ ना, तो, तो" याचा शून्य उपयोग. कोण, कुठे, किती शिल्लक, एवढंच सांगा: "मॅजिक मागे, हिलरवर", "हेला वर, अर्धी". मॅजिक, ब्लॅक पँथर, सायलॉक हे हिरो पाठीमागून हिलर उचलायला येतात. हिलर ओरडला की जवळच्या एकाने पुढची मारामारी सोडून मागे वळायचं. हे काम कुणाचं ते आधीच ठरवा, नाहीतर सगळे वळतील किंवा कोणीच नाही. वेळ संपत आली की एक जण तरी गाडीला चिकटून उभा हवा. तो तिथे आहे तोवर ओव्हरटाइम, म्हणजे जादा वेळ, चालू राहतो. बळींच्या मागे धावत गाडी सोडणं हे हरण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे.

हिरोंच्या जोड्यांना टीम-अप म्हणतात. लाँचच्या वेळी हल्कमुळे आयर्न मॅनला गॅमा शक्ती मिळायची, रॉकेट ग्रूटच्या खांद्यावर बसायचा. या जोड्या सीझनगणिक, म्हणजे गेमच्या दर नव्या टप्प्यात, बदलतात, म्हणून जुना व्हिडिओ बघून टीम बनवू नका. निवडीच्या पडद्यावर आज कोणत्या जोड्या आहेत ते वाचा.

पैशांचं. हिरो विकत घ्यावे लागत नाहीत, हाच या गेमचा मोठा गुण. 'ओव्हरवॉच २' या अशाच दुसऱ्या गेममध्ये २०२२ साली नवे हिरो बॅटल पासमध्ये (सीझनभर खेळून एकेक बक्षीस उघडत जायची यादी) अडकवले होते, ते पुढे २०२४ मध्ये मोकळे केले. इथे दुकानात फक्त पोशाख, इमोट (हिरोचे हावभाव) आणि तत्सम सजावट मिळते. पोशाखाने मारा वाढत नाही. लॅटिस हे चलन पैशांनी मिळतं आणि त्याचं युनिट्समध्ये रूपांतर होतं. दोन वेगळ्या नावांमुळे किती रुपये गेले ते कळत नाही, म्हणून खरेदीआधी रुपयांत हिशेब लावा. विकत घेतलेला बॅटल पास सीझन संपला तरी बाद होत नाही, नंतर सावकाश पूर्ण करता येतो. त्यामुळे 'शेवटचे दोन दिवस' म्हणून घाईने घेण्याचं कारण नाही. कुठला हिरो हातात बसतो ते कळेपर्यंत एक रुपयाही घालू नका, आणि घरच्या लहानग्याच्या अकाउंटला यूपीआय किंवा कार्ड जोडून ठेवू नका.